मराठी नियमवही छापायची आहे, पहिल्या पानावर नावं कोणाची घालू?

मंगळवारपेठी

नमस्कार मंडळी. आम्ही पाचसहा जण रविवारी दुपारी एका मित्राच्या माडीवर डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण डीएम असतो, तो जग रंगवून सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन "मी आता हे करतो" म्हणतात. जमलं का फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. बोर्ड नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, आणि शेवटी कोण जिंकलं असलं काही नसतं.

आमचा डीएम दादा सगळं मराठीतच चालवतो. पन्हाळ्यासारखा एक गड आहे, खाली भुयारं आहेत, आणि रंकाळ्यासारख्या तळ्यात एक बेहोल्डर, म्हणजे या खेळातला बऱ्याच डोळ्यांचा राक्षस, बसवलाय. आता घरातली धाकटी भावंडं मागं लागलीत. इंग्रजी पुस्तकं जाडजूड, किमती तर विचारूच नका. म्हणून आम्हीच मराठीत सोप्या नियमांची वही लिहून काढली. एकतीस पानं झाली. झेरॉक्स काढून फुकट वाटायची, विकायची नाही.

घोडं अडलंय ते नावांवर. मी लिहिलं होतं, "मूळ खेळ: गॅरी गायगॅक्स." तर एक जण उठला, डेव्ह आर्नेसन कुठाय म्हणाला. दुसरा म्हणाला, एक २००८ ला गेला, दुसरा २००९ ला, खेळ आता हॅस्ब्रोचा आहे, कंपनीचं नाव टाक आणि मोकळा हो. डीएम दादाचं वेगळंच: अर्धे नियम आपण बदललेत, गोष्ट आपली, गड आपला, कशाला कुणाचं नाव?

पन्नास वर्षं झाली खेळाला. आमच्या मंगळवार पेठेतल्या वहीत त्या लोकांचं नक्की काय उरलंय, हे मला कळून घ्यायचंय. आणि कायद्याचं काही लफडं होईल का?

दुधकट्टा

भावा, लई विचार करालायस. सारीपाट कुणी काढला म्हणून कधी कुणी विचारलंय काय? कवड्या टाकायच्या, खेळायचं, सुटायचं. झेरॉक्सवाल्याचं नाव घाल, निदान पानं नीट काढून देईल.

पण एक सांगतो, तो गायगॅक्स आपल्याच पठडीतला गडी होता. विमा कंपनीत कामाला होता, १९७० ला ती नोकरी सुटली, मग घराच्या तळघरात बूट-चपला दुरुस्त करत बसायचा. आणि तिथंच हे सगळं लिहिलंय. चपलांच्या गावात एवढ्यावरच त्याचं नाव घालायला हरकत नाही माझी.

फॉर्मावाला

माझी उमर गेली लोकांच्या पुस्तकांच्या दुसऱ्या पानावर. शीर्षकपान उलटलं की डाव्या हाताला जे येतं ते. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन. आधी खिळे, मग डीटीपी. इतक्या वर्षांत बघितलंय की कवितासंग्रहातल्या कवितेवरून कुणी भांडत नाही, भांडतात ते या पानावरून.

आणि भांडण नेहमी तुझ्यासारखंच उभं राहतं. "मूळ" असा एकच शब्द लिहायचा आणि पुढं एकच जागा ठेवायची. जागा एक, दावेदार चार. सोपा उपाय म्हणजे नावाच्या आधी काम लिहायचं. कुणी काय केलं ते. मग कुणाची जागा कुणाला अडवत नाही. तुझ्या बाबतीत ते लिहिता येतं, कारण या खेळाचा जन्म बऱ्यापैकी नोंदलेला आहे.

आधी युद्धाचे खेळ होते. टेबलावर वाळू, त्यावर शिशाचे शिपाई, नेपोलियनच्या लढाया, एका खेळाडूकडं अख्खं सैन्य. अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेसली नावाचा एक जण असे खेळ घ्यायचा, पंच म्हणून. १९६९ मध्ये त्यानं ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव मांडलं आणि सैन्याच्या जोडीला काही खेळाडूंना एकेक माणूस दिला. तू नगराध्यक्ष, तू सावकार, असं. झालं काय, लढाई राहिली बाजूला. लोक वेसलीला कोपऱ्यात नेऊन कानात सांगायला लागले, मी अमक्याला भेटतो, मी तमक्याला फितवतो. दोघांनी तर एकमेकांना द्वंद्वाचं आव्हान दिलं. त्याचा नियमच नव्हता, वेसलीनं तो जागच्या जागी बनवला. त्याला वाटलं, आजचा खेळ पार फसला. आणि खेळणारे विचारत होते, पुढचा कधी?

त्या खेळणाऱ्यांत आर्नेसन होता. १९७१ मध्ये त्यानं आईवडिलांच्या घरातल्या तळघरात ब्लॅकमूर नावाचं जग चालू केलं. गढी, गढीखाली भुयारं, आणि मुख्य म्हणजे आज खेळलेलं पात्र पुढच्या वेळी तेच. काल मिळालेली तलवार आज कमरेला. खेळ संपायचाच नाही. आता अडचण अशी की लढाईचे नियम सैन्याचे होते, गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या 'चेनमेल' या १९७१ च्या पुस्तिकेतले. त्यात एक फासा वाईट पडला की माणूस खलास. सैन्यातला शिपाई मेला तर कोण रडतं? पण ज्याला नाव दिलंय, ज्याच्यासाठी आठवडाभर मनात बेत केलेत, तो एका फाशात गेला की खेळणाऱ्याचं तोंड बघवत नाही. म्हणून आर्नेसननं आरमारी लढाईच्या नियमांतली कल्पना उचलली. जहाज एका गोळ्यात बुडत नाही, थोडं थोडं फुटत जातं. तसं माणसाचं केलं. हेच हिट पॉइंट.

तुझ्या धाकट्या भावाला विचार, मोबाइलवरच्या खेळात डोक्यावर ती हिरवी पट्टी असते, गोळी लागली की कमी होते, ती काय आहे. ती पट्टी त्या तळघरातून आली. त्यानं आर्नेसनचं नाव ऐकलेलं नसणार, पण रोज जेवताना आईच्या शिव्या खाऊन तो तीच पट्टी वाचवत असतो.

आता गायगॅक्स. आर्नेसननं १९७२ मध्ये लेक जिनिव्हा या गायगॅक्सच्या गावी जाऊन त्याला हा खेळ खेळवून दाखवला. गायगॅक्सनं लगेच घरच्या पोरांना बसवून स्वतःचं ग्रेहॉक नावाचं जग चालू केलं, आर्नेसनकडून टिपणं मागवली, आणि टंकायला बसला. इथं माझं मत थोडं धंदेवाईक आहे, ते तसंच घ्या. आर्नेसन टेबलावर असतानाच त्याचा खेळ उभा राहायचा. तो उठला की खेळही उठला. गायगॅक्सनं तो अशा रीतीनं लिहिला की आर्नेसन खोलीत नसला तरी चालेल. लेक जिनिव्हापासून कितीही लांब, कुणालाही. १९७३ मध्ये डॉन के या मित्राबरोबर टीएसआर ही कंपनी काढली, ब्रायन ब्लूमनं पैसे घातले, आणि जानेवारी १९७४ मध्ये खेळ बाहेर आला. तीन बारक्या पुस्तिका, लाकडाच्या रंगाच्या खोक्यात, दहा डॉलर, हजार प्रती. खोकी जुळवली घरातच बसून. मी त्या पुस्तिकांची चित्रं बघितलीत. मांडणी म्हणाल तर आमच्याकडचा शिकाऊ पोरगाही त्यापेक्षा बरी करेल, आणि भाषा अशी की निम्मं आधीच माहीत असेल तरच कळावं. तरी ती हजार खोकी वर्षभरात खपली.

पुढं दोघांचं फाटलंच. आर्नेसननं रॉयल्टीवरून १९७९ मध्ये दावा लावला, १९८१ मध्ये कोर्टाबाहेर मिटला. आणि ज्या गायगॅक्सवर तो दावा होता, त्याच गायगॅक्सला १९८५ मध्ये स्वतःच्या कंपनीचा ताबा गमवावा लागला. डॉन के तर जानेवारी १९७५ मध्येच गेला, त्यानं यातलं काहीच बघितलं नाही.

कोल्हापूरकराला यात नवल वाटायला नको. आपल्याकडं बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. दामले, फत्तेलाल, शांताराम तिथंच तयार झाले आणि १९२९ मध्ये बाहेर पडून त्यांनी प्रभात काढली. आज गल्लीत विचार, प्रभात सगळ्यांना ठाऊक असते.

म्हणून तुझ्या वहीत वेसली, आर्नेसन आणि गायगॅक्स तिघांची नावं घाल, प्रत्येकाच्या आधी काम. आणि डीएमला सांग, नियम बदललेत म्हणून नाव काढायचं नसतं. पहिल्या पुस्तिकांतच, अडलं तर तुमचं तुम्ही ठरवा अशा अर्थाचं लिहिलेलं आहे. बदलणं हा त्या खेळातलाच भाग झाला.

(मला हे कुठून म्हणाल, तर मुलगी लॉकडाऊनमध्ये बंगळुरूहून घरी आली ती फासे घेऊन. ती परत गेली, तिच्या मैत्रिणी माझ्याकडं राहिल्या. प्रेस बंद झाल्यावर पेस्टिंगच्या जुन्या काचेच्या टेबलावर खेळतो. खालून ट्यूबलाइट, त्यामुळं भुयाराचा नकाशा झकास दिसतो. फासा मात्र काचेवर असा वाजतो की शेजारचा टेलर एकदा विचारायला आला होता, काय फुटलं म्हणून.)

वकिली_चष्मा

कायद्यापुरतं बोलतो. खेळ कसा खेळायचा ही कल्पना झाली, तिच्यावर कॉपीराइट नसतो. ती ज्या शब्दांत लिहिली त्या शब्दांवर असतो. तुम्ही स्वतःच्या शब्दांत मराठीत लिहिलं असेल तर फारशी चिंता नाही. पानंच्या पानं जशीच्या तशी भाषांतरित केली असतील तर वेगळं.

तशी केली असतील तरी मार्ग आहे. खेळाच्या मूळ नियमांचा एक मोठा भाग, त्याला एसआरडी ५.१ म्हणतात, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला झाला. झालं असं की २००० पासून कंपनीचाच एक वेगळा खुला परवाना होता, ज्यावर शेकडो लहान लेखकांची पोटं होती. कंपनीनं तो बदलायचा घाट घातला, मसुदा फुटला, खेळणाऱ्यांनी इतका गदारोळ केला की महिना संपायच्या आत कंपनीला माघार घ्यावी लागली आणि उलट जास्तच देऊन बसली. आता त्यातलं काहीही घ्या, भाषांतर करा, विकासुद्धा. मुख्य अट म्हणजे ठरलेलं श्रेयवाक्य छापायचं.

गंमत बघा, त्या श्रेयवाक्यात विझार्ड्स ऑफ द कोस्ट या हॅस्ब्रोच्या कंपनीचं नाव आहे. गायगॅक्स नाही, आर्नेसन नाही. म्हणजे कायदा पाळलात तरी फॉर्मावाल्यांचं पान रिकामंच राहतं. ते तुमचं तुम्हाला भरावं लागेल.

बेहोल्डर मात्र तळ्यातून काढा. त्याचं वर्णन आणि आकडे त्या खुल्या भागात नाहीत.

दुधकट्टा

बेहोल्डर काढून रंकाळ्यात काय ठेवणार, जलपर्णी? ती हाय की आधीच. हिट पॉइंट भरपूर देतो, मरतच नाही.

वाघीण_लेव्हल_तीन

फॉर्मावाले काकांच्या टेबलावरची मीच ती मैत्रीण, म्हणून हक्कानं भांडते.

काका, तुमच्या पानावर तीन नावं आणि तिन्ही पुरुष. गायगॅक्सनं काय लिहून ठेवलंय तेही सांगा की. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात स्त्री पात्राच्या ताकदीला कमाल मर्यादा आहे. माणूस जातीचा पुरुष योद्धा १८/०० (इथं ०० म्हणजे शंभर) पर्यंत जाऊ शकतो, बाई १८/५० ला थांबते. छापील तक्ता आहे. ड्रॅगन उडतात, मेलेले उठतात, ते सगळं चालतं, पण बाईनं अमुक किलोच्या वर उचलायचं नाही. माझं पात्र पैलवान आहे, तालमीतून आलेलं, आणि मी तो तक्ता पहिल्यांदा बघितला तेव्हा फासा नाही, पुस्तकच फेकावंसं वाटलं. आजच्या नियमांत ती मर्यादा नाही, बरं झालं. पण वारसा म्हणताना हेही वारशातच येतं ना?

आणि ज्यांची नावं घ्यायला हवीत त्यांची घ्या. टीएसआरमध्ये डिझायनर म्हणून पहिली बाई आली ती जीन वेल्स. तिनं लिहिलेलं राजकन्येच्या महालाचं साहस १९८१ मध्ये छापून झालं आणि कंपनीनंच ते मागं घेतलं, चित्रांवरून बिनसलं. प्रती नष्ट केल्या, दुसऱ्याकडून पुन्हा लिहून घेतलं. काका, छापलेला गठ्ठा रद्दीत जाताना बघितलाय ना तुम्ही? रेवनलॉफ्ट, ते रक्तपिपासू सरदाराच्या गढीचं १९८३ चं साहस, त्यावर ट्रेसी हिकमनबरोबर लॉरा हिकमनचं नाव आहे. ते दोघं नवराबायको. आणि जेनेल जॅक्वेज. मंगळवारपेठी, तुझ्या गडाखालची भुयारं कशी आहेत? एक खोली, मग दुसरी, मग तिसरी, शेवटी राक्षस? का दोन वाटा, त्यातली एक फिरून मागच्याच खोलीत येते, एक जिना मधला मजला चुकवून थेट खाली जातो, आणि खेळणारे तुझ्या डीएमला चकवून भलतीकडूनच उगवतात? दुसरं असेल तर ते जॅक्वेजकडून आलंय. १९७९ मध्ये तिनं थ्रेसियाच्या गुहा म्हणून नकाशे काढले ते असे. असे नकाशे काढण्याला इंग्रजीत आजही तिच्याच आडनावावरून ओळखतात. २०२४ च्या जानेवारीत ती गेली. तोवर संगणकावरच्या खेळांत तिनं बांधलेल्या पातळ्यांवरून किती पोरं धावली असतील.

एक शेवटचं, हे जरा कडू आहे. एम. ए. आर. बार्कर. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशिया शिकवणारा प्राध्यापक. १९७५ मध्ये त्याचं टेकुमेल आलं, युरोपच्या राजाराण्यांऐवजी वेगळंच जग, त्याच्या स्वतःच्या भाषा, लिप्या. आपल्यासारख्यांना तेच जवळचं वाटावं असं. आणि २०२२ मध्ये त्याचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनंच कबूल केलं की त्यानं टोपणनावानं नाझी विचारांची कादंबरी लिहिली होती. त्याचं नाव घालायचं का? माझं उत्तर नाही असं आहे. तुझ्या वहीत त्याच्याकडून काही आलेलंही नाही, त्यामुळं सुटलास. पण कुणी टेकुमेलवर मराठीत वही काढली तर त्याला नाव घालावं लागेल आणि खाली ही गोष्टही लिहावी लागेल. नुसतं नाव गाळलं तर वाचणाऱ्याला कळणार कसं?

मंगळवारपेठी

बाप रे, मला वाटलं होतं दोन ओळींचं उत्तर येईल.

ताई, भुयारं फिरून परतच येतात. डीएम दादाला वाटायचं ती त्याची स्वतःची शक्कल आहे. त्याला हा धागा वाचायला दिलाय, अजून काही बोलला नाही.

वकिलीसाहेब, बेहोल्डर काढला. त्या जागी जकिणीची सावली घातली, पोरांना तीच जास्त घाबरवणार. आम्ही खुल्या भागातली जादूची यादी घेतलीय, म्हणजे श्रेयवाक्य छापावं लागेल ना? आणि यादी ताडून बघताना एक दिसलं. डीएम दादाच्या इंग्रजी पुस्तकात "मेल्फचा आम्लबाण" आहे, खुल्या यादीत नुसता "आम्लबाण". असं का?

वकिली_चष्मा

हो, वाक्य छापाच. नावं मात्र कंपनीनं स्वतःकडं ठेवलीत, खुली केली नाहीत.

फॉर्मावाला

मेल्फ म्हणजे गायगॅक्सच्या मुलाचं, ल्यूकचं पात्र. पात्रनोंदीवर लिंग आणि वंश लिहायचे असतात तिथं पुरुष एल्फ असं आखूड करून इंग्रजीत "एम एल्फ" लिहिलेलं, त्याचंच नाव झालं. टेन्सर हा थोरल्या अर्नेस्टचा, त्याच्याच नावातली अक्षरं उलटसुलट. ड्रॉमिज म्हणजे जिम वॉर्ड, उलटीकडून वाच. अशी त्या पहिल्या टेबलावरची पोरं आणि मित्र जादूच्या नावांत शिरून बसले होते. खुल्या यादीत मेल्फ गेला, बाण राहिला. टेन्सर गेला, त्याची तरंगती थाळी राहिली. छापखान्याच्या नजरेनं मला हे जास्त लागलं. कुणी सूड म्हणून केलेलं नाही, वकिलांनी यादी केली तेव्हा नावं ही मालमत्तेच्या रकान्यात पडली, एवढंच.

तू एक कर. तुझ्या यादीत ती नावं घालू नकोस, पण मोकळ्या पडलेल्या जागी तुमच्या माडीवरच्या पोरांच्या पात्रांची नावं घाल. परवाना आड येत नाही. मेल्फचं नाव पडलं होतं तेही असंच.

वाघीण, तुझं बरोबर आहे, आणि गठ्ठे रद्दीत जाताना बघितलेत, एकदा तर एका निवडणुकीच्या उमेदवाराचे, अर्ज मागं घेतला म्हणून. जॅक्वेजचं नाव नकाशाच्या पानावर, नकाशाखालीच घालू. तिथं काम दिसतं आणि नावही. ताकदीच्या तक्त्याबद्दल वेगळी ओळ नको, पण "पात्र कसं बनवाल" या पानावर पहिलं उदाहरण तुझ्या पैलवानाचं घ्या, सगळे आकडे भरून. डीएमनं हरकत घेतली तर माझ्याकडं पाठव.

आता मजकूर. फार लांबवू नकोस. "माणसागणिक एक पात्र देऊन खेळण्याचा पहिला प्रयोग: डेव्हिड वेसली, १९६९. तेच पात्र घेऊन पुढं चालू राहणारा खेळ: डेव्ह आर्नेसन, १९७१ पासून. नियमांचं लेखन: गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन, १९७४." तिसऱ्या ओळीत दोघांची नावं, कारण त्या पुस्तिकांवरही दोघांचीच आहेत. कंपनीच्या २०१४ च्या पुस्तकातही या दोघांखाली ब्लूम, कुंट्झ, वॉर्ड, के अशी बाकीची नावं दिलीत. तुला जागा असेल तर घाल. मग ते श्रेयवाक्य, जसंच्या तसं, एक अक्षर न बदलता, लहान टायपात. मग "मराठी नियम व मांडणी", तुमची नावं, आडनावांसकट. टोपणनावं नकोत, चाळीस वर्षांनी तुम्हीच ओळखणार नाही.

एकतीस पानं होतात म्हणालास. मध्यपिनेची वही एकतीस पानी होत नाही, चाराच्या पटीतच होते. एकतीस आणि हे एक, बत्तीस. ए-फोरचे आठ कागद, दोन्ही बाजू, मधून घडी. आतला समास बाहेरच्यापेक्षा जास्त सोड, नाहीतर पिनेत अक्षरं जातात. पात्रनोंदीचा तक्ता वहीत बांधू नकोस, सुट्टा कागद दे. पोरं खोडरबरनं भोकं पाडतात. फाइल मला पाठव, जुळणी मी करून देतो, पण श्रेयपानावर "अक्षरजुळणी" लिहायला विसरू नकोस.